गौरीचं पथ्य आणि माझं ताट

"पोरीला दूध कोण पाजतंय ते आधी सांगा, मगच म्हशीखाली बसा!"

अंगणात उभा राहून मी ओरडत होतो. माझी थोरली बहीण, अक्का, म्हशीखाली बसलेलीच होती. मान न वळवता ती म्हणाली, "म्हशीपाशी कावून ओरडायलास बाळ्या? पान्हा चोरंल ती."

म्हशीनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी आवाज निम्म्यावर आणला.

प्रकरण असं होतं. माझी गौरी आठ वर्षांची. तिच्या अंगावर सारखे चट्टे उठायचे, पोट दुखायचं, खाल्लेलं अंगी लागायचं नाही. केजच्या डॉक्टरांनी तपासण्या करून निकाल दिला: पोरीला दूध चालत नाही. दूध, दही, ताक, लोणी, तूप, पेढा, सगळं बंद. महिन्यानं परत आणा. चट्टे राहिले किंवा वजन घटलं, तर पोरीला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. हे शेवटचं वाक्य ऐकल्यापासून मला नीट झोप नव्हती.

आणि मी कोण? युसूफ वडगावच्या अलीकडं आमचं गाव, तिथल्या डेअरीवर माप घेणारा, फॅट लावणारा माणूस. दुधात पाणी किती, हे मी कॅनचं झाकण वाजल्याबरोबर सांगतो (निदान सांगतो, बरोबर येतं असं म्हणत नाही). अशा माणसाच्या घरी दूधबंदी! डेअरीवर लोकांनी सोडलं नाही. "बाळासाहेब, रोज आमच्या दुधाला नावं ठेवली, आता भोगा."

पण डॉक्टरांनी दुधाच्या बदल्यात काय द्यायचं तेही लिहून दिलं होतं. तीळ, नाचणी, राजगिरा, शेंगदाणे, हुलगे, शेवग्याचा पाला, अंडी. तो कागद मी भिंतीला चिकटवला आणि घरात आणीबाणी लावली. दारातल्या शेवग्याची आठ दिवसांत अशी हजामत झाली, की पोपटांनी पत्ता बदलला. माझ्या बायकोनं, सुनंदानं, तीळ इतके कुटले की शेजारची विचारायला आली, "तुमची संक्रांत अजून संपली न्हाई का?" सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारच्या सुट्टीत घरी आली की बाजरीची भाकर आणि शेवग्याची भाजी, संध्याकाळी शाळा सुटली की राजगिऱ्याचा लाडू. गौरीचं ताट वेगळं, वाटी वेगळी, तिचा तवासुद्धा वेगळा. दुधातुपाचं कपाट मी कुलपात घातलं आणि चावी करदोट्याला बांधली. माप घ्यायला वाकलो की ती चावी पोटात टोचायची, आणि प्रत्येक टोचणीला मला वाटायचं, बाप असावा तर असा.

तीन आठवड्यांत पोरीचे गाल भरले. चट्टे मात्र जागेवर.

म्हणजे घरात फितुरी होती. मी सगळ्यांच्या जबान्या घेतल्या. अक्का म्हणाली, "मी म्हशीचं पिळते, पोरीला न्हाई पाजत." शाळेच्या बाईंनाही विचारून आलो. राहिली सुनंदा.

"माझ्यावर संशय हाय का?" तिनं विचारलं.

"संशय समद्यांवर हाय."

"समद्यांत तुमी बी का?"

"मी कसा असंल? मी चौकशी करायलोय."

महिना भरला. मी गौरीला मोटारसायकलवर बसवून केजला नेलं. वजन वाढलं होतं, त्यावर डॉक्टर खूश झाले. मग चट्टे बघून त्यांचा चेहरा उतरला. मी लगेच कुलूप, चावी, तवा, सगळी हकीकत ऐकवली. त्यांनी मला हातानं थांबवलं आणि गौरीला विचारलं, "काल दुपारी काय काय खाल्लंस बेटा?"

गौरीनं पाढ्यासारखं म्हटलं, "बाजरीची भाकर, शेवग्याची भाजी, तिळाची चटणी, अंडं. आन मग पप्पाच्या ताटातले दोन घास."

"पप्पांच्या ताटात काय असतं?"

"काला. ताकात कुस्करलेली भाकर. वरून लोण्याचा गोळा."

माझा हात आपोआप पोटावरच्या चावीवर गेला.

आता काय सांगावं? पोरीला दात आले तेव्हापासूनची आमची रीत. तिचं जेवण झालं की ती माझ्या मांडीशी येते, मी माझ्या काल्याचे दोन घास तिला भरवतो, मगच ती हात धुते. पथ्य तिच्या ताटाला होतं. माझ्या ताटाला कुलूप लावायचं मला सुचलंच नाही. महिनाभर मी पोटावर चावी वागवत, घरादाराला आरोपी करत, माझ्याच हातानं लेकीला ताक चारत होतो.

"एकतर घास बंद करा," डॉक्टर म्हणाले, "नाहीतर ताक."

परत येताना मी गाडीवरूनच विचारलं, "गौरे, आजपासून माझ्या ताटातलं खायचं न्हाई. वाईट वाटंल का गं?"

मागून आवाज आला, "मला न्हाई. तुमालाच वाटंल."

वाटलं. चार दिवस मी एकटा काला खात होतो आणि ती लांब बसून हात धूत होती. पाचव्या दिवशी मी ताकाचा तांब्या पालथा घातला आणि भाकर येसर मसाल्याच्या आमटीत कुस्करली. गौरी आली, वाकून ताटात बघितलं, आणि तोंड उघडलं.

पुढच्या तीन आठवड्यांत चट्टे गेले. कुठल्याच मोठ्या दवाखान्यात जावं लागलं नाही. मग मला कोण अडवणार? डेअरीवर सांगितलं, पारावर सांगितलं, नांदूरघाटच्या बाजारात ओळख नसलेल्या माणसाला थांबवून सांगितलं, की पोरीसाठी बापानं ताक सोडलं. संध्याकाळी अक्का हुलगे निवडत होती, तिलाही परत एकदा सांगितलं.

तिनं सुपातला खडा बाजूला टाकला.

"पोरीनं दूध सोडलं, दही सोडलं, तूप सोडलं, पेढा सोडला," ती म्हणाली. "ती कुठं सांगत हिंडली?"