ट्रामशेडमधला गणपती

जयपूरमध्ये एके काळी ट्राम होती म्हटलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. पण होती. संस्थानच्या काळात शहरातला कचरा वेशीबाहेर नेणारी, आणि ती ओढायला रेडे! आमच्या काळात, म्हणजे ऐंशीच्या दशकात, तिची फक्त शेड उरली होती. जाड दगडी भिंती, जमिनीत रुतलेले रूळ. आमच्या मराठी मंडळाने पाच दिवसांच्या गणपतीसाठी ती मागून घेतली. शेवटच्या संध्याकाळी नाटक होतं आणि नायक मी. वीस वर्षांचा होतो. भूमिकेसाठी खास मिशी वाढवली होती.

मूर्ती मागच्या भिंतीशी बसवली. त्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग होती. बाबा विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करायचे, त्यामुळे पडक्या इमारती त्यांच्या ओळखीच्या. त्यांनी भेगेवर कागदाची एक आडवी पट्टी चिकटवली.

"ही फाटली तर भिंत हलतेय असं समजायचं," ते मला म्हणाले. "मग आत कोणी थांबायचं नाही."

रोज सकाळी ते ऑफिसला जाताना पट्टी बघून जात. ती अखंड असे. संध्याकाळी झांजा सुरू झाल्या की मात्र वरून बारीक माती मूर्तीच्या मुकुटावर गळायची. शेडचा चौकीदार हळूच म्हणायचा, "बाबूजी, ये मकान सुनता है." आम्ही हसायचो.

पाचव्या दिवशी दुपारी मी पडदा बांधत होतो. सजावटीच्या काकू खळीची वाटी घेऊन आल्या आणि भेगेवर नवी पट्टी लावू लागल्या.

"काकू, हे काय?"

"अरे, रोज आरती झाली की फाटते मेली. बाप्पाच्या मागे फाटका कागद बरा दिसतो का? मी रोज रात्री बदलते. आज तर दुपारच्याच आरतीला फाटली."

खरं सांगतो, मला आधी नाटकच आठवलं. पट्टी तर कोरी होती, बाबांना कळलंही नसतं. मिशीला पीळ देत मी उभा राहिलो. तेवढ्यात मुठीएवढा दगड काकूंच्या पायाशी आदळला. मी फोनकडे धावलो.

बाबा स्कूटरवर आले. "मूर्ती बाहेर घ्या."

"उत्तरपूजेआधी हलवायची?" काकू म्हणाल्या. "भाऊजी, साहेबगिरी ऑफिसात करा."

"मग उत्तरपूजा आत्ता करा. आणि आवाज न करता."

चाळीस माणसांनी कुजबुजत आरती म्हटली. झांजा नाहीत, टाळ्या नाहीत. तशी आरती मी पुन्हा कधी ऐकली नाही. मग मूर्ती आणि माणसं बाहेर आली आणि नाटक अंगणात, शेडपासून लांब, सहा वाजता सुरू झालं.

मी जीव तोडून विनोद करत होतो आणि एकही माणूस हसत नव्हता. सगळे माझ्या डोक्यावरून मागे शेडकडे बघत होते. दुसऱ्या अंकात सगळे एकदम उभे राहिले. मी, गाढव, छाती फुगवून वाकलो. नमस्कार पुरा व्हायच्या आत मागून धूळ आली आणि मला समोरचं काही दिसेनासं झालं.