ग्रुपवर टाकलेला फोटो

चाकणच्या आमच्या कंपनीत मशीन बंद पडलं की आधी फोटो काढतात, मग डोकं वापरतात. मी तिथं मेंटेनन्सला आहे. स्क्रीनवर लाल ओळ दिसली की तिचा फोटो मेंटेनन्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा आणि चहाला जायचं. चहा संपेपर्यंत दुसऱ्या शिफ्टचं कुणीतरी घरबसल्या उत्तर देतं. ग्रुपवर शंभराच्या वर माणसं आहेत. त्यात कंत्राटदारांची आहेत, नोकरी सोडून गेलेलीही आहेत, कारण त्यांना काढायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. या सवयीनं आमची बरीच मशीनं वेळेत सुरू झाली आहेत. एका शुक्रवारी याच सवयीनं माझ्या तोंडचं पाणी पळवलं.

पप्पांनी निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांतला एक हिस्सा क्रिप्टोत घातला होता. मला न विचारता, हे सांगायला हवं. उभी हयात पिंपरीतल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून काढलेला माणूस, पण आता दिवसभर मोबाइलवरचा भाव बघत बसायचा. भाव उतरला की ताट अर्धवट सोडून उठायचे. बीपीची गोळी एकाची दोन झाली. शेवटी मी म्हटलं, तुम्ही बघायचंच नाही, मी एक प्रोग्रॅम लिहिते, तो बघेल. आपण ठरवलेल्या भावाच्या खाली गेलं की तोच विकेल. आठवडा गेला. मग एका संध्याकाळी त्यांनी मोबाइल माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "बग बाई तूच. मला न्हाई झेपत." त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम माझ्यावर सोडलं होतं. मला अभिमान वाटला.

गुरुवारी आमची साप्ताहिक सुट्टी. पप्पा आणि मी राहतो त्या रावेतच्या घरी सकाळीच लॅपटॉप उघडून बसले. क्रिप्टोच्या प्लॅटफॉर्मशी आपल्या प्रोग्रॅमला थेट बोलता यावं म्हणून एपीआय असतो. त्यासाठी दोन लांबलचक ओळी मिळतात, एक की, म्हणजे किल्ली, आणि एक सीक्रेट, म्हणजे तिचा गुप्त शब्द. सीक्रेट एकदाच दाखवतात, म्हणून मी दोन्ही ओळी घाईघाईनं प्रोग्रॅममध्येच चिकटवल्या. मग परवानग्यांचे तीन चौकोन आले: खातं बघणं, खरेदी-विक्री करणं, पैसे बाहेर पाठवणं. मी तिन्हींवर टिक केली. कामात कुठं अडायला नको, एवढाच विचार. सरावासाठी खोटे पैसे असलेलं वेगळं खातं मिळतं, आधी तिथं शिका, असं तिथं लिहिलेलं होतं. पण माहिती शेवटी वाचायची ही आमच्या मेंटेनन्स खात्यातली जुनी खोड, आणि मी त्याच खात्याची.

दिवसभर प्रोग्रॅम काही चालला नाही, स्क्रीनवर चूक दाखवणारी लाल ओळच येत राहिली. शुक्रवारी कंपनीच्या बसची वेळ होत आली तरी तीच लाल ओळ. मी वैतागून फोटो काढला, ग्रुपवर टाकला, लॅपटॉप मिटला आणि बस पकडली. महाळुंग्याच्या अलीकडेच उत्तर आलं, लॅपटॉपचं घड्याळ मागं असेल, वेळ जुळली नाही तर प्लॅटफॉर्म दाद देत नाही, ते जुळवा. मला हायसं वाटलं. आपली माणसं ती आपली माणसं, असंही वाटलं.

कंपनीत पोचले तर शेजारच्या टेबलावरचा सहकारी चहाचा कप घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, फोटोत वरच्या दोन लांब वळी पण आल्यात. त्या दिसायला पायजे व्हत्या का?"

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात. मी तर त्या किल्ल्यांचा फोटो काढून शंभर जणांना वाटला होता. फोटो लगेच डिलीट केला, पण तोवर साठ-सत्तर जणांनी पाहिला होता. त्यातल्या कुणाच्या मोबाइलमध्ये तो आपोआप उतरला असेल कोण जाणे. त्या दोन ओळी ज्याच्याकडे असतील त्याला पप्पांचं खातं रिकामं करता येणार होतं, आणि ती परवानगी मीच दिली होती. मी एकेकाचं नाव वाचत सुटले. वर्षानुवर्षं ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांच्यावरही संशय घेतला. लाज वाटत होती, पण थांबता येत नव्हतं.

उपाय एकच होता, ती की रद्द करायची. त्यासाठी खात्यात शिरायचं, आणि शिरायला लागणारा ओटीपी पप्पांच्या मोबाइलवर येणार. मी स्टोअरच्या मागं जाऊन फोन लावला.

"काही नाही पप्पा, एक ओटीपी येईल, तेवढा सांगा."

"कशाला?"

"काही नाही, रुटीन आहे."

मग म्हणाले, "ओटीपी फोनवर कुनालाच द्यायचा न्हाई."

"अहो, मी आहे. तुमची मुलगी."

"मुलीनंच सांगितलंय. मी मागितला तरी देऊ नका, हल्ली आवाज बी नकली काढत्यात, म्हनली व्हती." आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचललाच नाही.

खरंच मी तसं म्हटलं होतं. वर त्यांच्याकडून ते दोनदा वदवूनही घेतलं होतं.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून रिक्षा केली. तळेगावच्या रस्त्याला ट्रकची रांग कुठं संपते ते दिसत नव्हतं. रिक्षावाला म्हणाला, "घाई करून काय उपेग न्हाई ताई." मला त्याचाही राग आला. सगळ्यात जास्त राग पप्पांचा येत होता. एवढं शिकवून ठेवलं आणि नेमक्या वेळी अडाणीपणा केला, असं मी वाटभर मनात घोकत होते. दर दोन मिनिटांनी डोळ्यांसमोर त्यांच्या खात्यातला शून्य यायचा. त्यांना तो कसा दाखवायचा, हेच मला सुचत नव्हतं.

घरात शिरले ती थेट लॅपटॉपकडे. पप्पा खुर्चीत बसले होते, मोबाइल मांडीवर उलटा ठेवून. "ओटीपी," मी म्हटलं. ते म्हणाले, "आदी पानी पी. मग काय झालंय ते सांग."

मी पाणी प्यायले. मग सगळं सांगितलं. फोटो, ग्रुप, तीन चौकोन, न वाचलेली माहिती, फोनवर मारलेली थाप. सांगताना रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. त्यांनी मोबाइल सुलटा केला, चष्मा लावला आणि मी नव्यानं मागवलेल्या ओटीपीचे सहा आकडे एकेक करून वाचले. मी खात्यात शिरले, ती की रद्द केली, मग भीतभीत शिल्लक पाहिली. एक पैसाही हललेला नव्हता.

मग माझा राग वर आला. "फोनवर दिला असता तर तासाभरापूर्वी मिटलं असतं. या तासात सगळं गेलं असतं, पप्पा. माझा आवाज ओळखला नाही का तुम्ही?"

"वळखला की," ते म्हणाले. "तू घाबरली व्हतीस आन खोटं बोलत व्हतीस. ते बी वळखलं. घाबरल्याल्या मानसाला आमी कारखान्यात पॅनेलला हात लावू देत न्हवतो, मग मशीन जळालं तरी चालंल. पैसं गेलं असतं तर गेलं असतं. तू धड घरी आलीस न्हवं."