गटाराच्या डोंग्याची पूजा

आमच्या गावच्या विहिरी खाऱ्या. खारपाण पट्टाच तो. विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. म्हणून पावसाळा सरला की पूर्णा नदीच्या वाळूत झिरा उकरायचा, भोवती काट्या लावायच्या अन् वाटीवाटीनं गोड पाणी भरायचं. प्यायला तेवढंच.

नेमक्या त्याच जागी साहेब लोकांनी गाळ उतरवायचं ठरवलं. शहरातल्या गटाराचा गाळ. तो डोंग्यात, म्हणजे मोठ्या नावेत भरून नदीनं आणायचा अन् खत म्हणून शेतकऱ्यांना फुकट द्यायचा. ट्रकचं डिझेल वाचते म्हणे. नदी पाहायला आले ते श्रावणात. दोन्ही थड्या भरून वाहत होती, फोटो काढले, गेले. श्रावणात तर आमचा नालाही समुद्र असतो, बापा.

साहेबांचं सोडा. पण आमची माणसं? दसऱ्यानंतर डोंगा आला, तर माझे धाकटे दीर हार घेऊन सगळ्यांच्या पुढे. नवं वाहन दिसलं की पूजा करायची, इतकीच अक्कल. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, लिंबू ठेवायला चाक शोधू लागले. गटाराला ओवाळलं अन् त्याच हातानं खोबरं वाटलं. मी घेतलं नाही.

पूजा होते न होते तोच डोंगा वाळूत रुतला. पाणी पोटरीएवढं उरलेलं. डोंग्यासोबत आलेले साहेब म्हणाले, "इथंच रिकामा करा, हलका होईल."

इथंच म्हणजे आमच्या झिऱ्यांच्या जागेवर.

मी लुगडं खोचून पाण्यात उतरले अन् डोंग्याला टेकून उभी राहिले. दीर म्हणाले, "वैनी, कावून मधात येता? सायेबाले काय वाटन?"

"सायबाले काई बी वाटू द्या. तुमी पेता का भाऊजी हे पाणी? पेत असान तं मी सरकते."

दीर मागं सरकले. साहेब समजावू लागले, "आजी, प्रक्रिया केलेला गाळ आहे. वाससुद्धा येत नाही."

"मंग नाकावरचा रुमाल काडा ना, बाबू."

बाया हसल्या अन् एकेक करून माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. सांडायला जागाच उरली नाही.

शेवटी ट्रॅक्टर बोलावले. हार घालणाऱ्यांनीच घमेल्यांनी गाळ थडीवर चढवला, अन् तो जिथून आला तिथं सडकेनं परत गेला. वाचलेलं डिझेल त्यातच जळालं.

दिवाळीनंतर झिरे उकरले. पाणी गोड लागलं. दीर हंडा घेऊन आले, तेव्हा बायांनी त्यांना रांगेत सगळ्यांच्या मागे उभं केलं. मीही त्यांची बाजू घेतली नाही.