जालन्याच्या बंबाचं टेंडर

दुकानातून आणलेल्या वस्तूचा किस्सा होत नाही. तीच वस्तू सरकारी टेंडरनं मागवा, मंग बघा! निजामाच्या अमदानीत मी जालन्याच्या कचेरीत नक्शानवीस होतो. नकाशे काढायचे आणि टेंडरसाठी वस्तूचं वर्णन लिहायचं, हे माझं काम. मोजमापं माझी, उर्दूत लिहायचं काम मुनशी नरहररावांचं आणि सही इंजिनियर अजीज साहेबांची. तिघांनी मिळून रस्त्याच्या रुळापासून दवाखान्याच्या टाकीपर्यंत काय काय मागवलं. पण माणसं अजून विचारतात ते एकच टेंडर. आगीच्या बंबाचं.

*

त्या साली ऐन हंगामात एका जिनिंगची वखार पेटली. आत बाया कापूस निवडून राह्यल्या होत्या. लोकांनी विहिरीवरून बादल्या आणल्या, पण फेकलेलं पाणी निम्म्या भिंतीवरून खाली यायचं. छत जळतच राहिलं. काही बाया बाहेर आल्या. काही आल्या नाहीत.

मंग गावासाठी हातानं दाबायचा बंब घ्यायचं ठरलं. मधे पाण्याची टाकी, दोन अंगांना दोन दांडे. एक खाली दाबला की दुसरा वर.

मी पहिला मसुदा लिहिला : 'बंब मजबूत व चांगल्या प्रतीचा असावा.'

साहेबांनी कागद परत माझ्याकडं सरकवला. "मजबूत? किसके जैसा मजबूत? पैलवान मँगवा रहे क्या?"

साहेब उठले, मला बरोबर घेऊन त्या जळालेल्या वखारीपाशी गेले. काळ्या पडलेल्या भिंतीखाली उभे राहिले. मंग वर बोट केलं.

"लिखो. पानी इसके ऊपर से जाना."

*

बंब बैलांनी ओढायचा होता. मुंबईच्या एका कंपनीचं पत्र आलं : जू किती उंचीवर पाहिजे? साहेब म्हणाले, "अंदाज नक्को. बैल का नाप लाओ."

मी टेप घेऊन बैलबाजारात गेलो. एका खोंडाच्या खांद्याला टेप लावला, वशिंडामागं लावला, छातीला लावला. मालक जाफराबादकडचा, जुना शेतकरी. बिचारा मुकाट्यानं बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "मास्तर, बैल इकत घ्यायला आल्ते, का त्याला कोट शिवायला?"

बाजार हसला. पण मापं कशासाठी ते मी सांगितलं, तसा तोच म्हातारा दावं धरून उभा राहिला आणि एकेक बैल पुढं आणून देऊ लागला. "याचं घ्या. आता याचं घ्या. बराबर घ्या, मास्तर."

*

एक एजंट आमच्यावर लई मेहेरबान होता. मिठाईचा डबा आणि टाइप केलेला कागद घेऊन आला. "साहेब, आपण कशाला तसदी घेता? सगळं वर्णन लिहून आणलंय. नुसती सही!"

साहेबांनी कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. तसं लिहिलं असतं तर त्याच्या कंपनीशिवाय दुसऱ्या कुणाला टेंडर भरताच आलं नसतं. एक अट तर अशी होती की टाकीवर पितळेचा सिंह असावा! तो त्यांच्या कंपनीचा छाप.

साहेबांनी विचारलं, "जालने की आग शेर देख के भागती क्या?"

डबा जसा आल्ता तसाच गेला. नरहरराव नंतर मला हळूच म्हणाले, "पेढे होते हो!"

*

दांडे किती उंच ठेवायचे यावरून गावाच्या टेंडर कमिटीत वाद झाला. साहेबांनी मसुद्यात घातलं होतं की दांडा बायकांच्या हाताला पुरला पाहिजे. एक शेठ भडकले. "आता बाया बंब चालवणार?"

साहेब शांतपणे म्हणाले, "उस रोज वहाँ कौन था, शेठजी?"

मंग आम्ही सुताराकडून लाकडाचा दांडा करून घेतला आणि जिनिंगमधल्या बायांना बोलावलं. त्यातल्या काशाबाईनं दाबून बघितला. म्हणाली, "हात पुरून राह्यला, सायेब. पर हितल्या बोल्टात बांगड्या आडकत्यात."

साहेबांनी लगेच अट घातली आणि नरहररावांनी सुरेख उर्दूत लिहिली : दांड्यावर चूड्या अटकू नयेत. आता उर्दूत बांगडीही चूडी आणि स्क्रूचे आटे तेही चूडीच! महिन्याभरानं एका कंपनीचं उत्तर आलं : 'खात्री असावी. आमच्या चूड्या उत्तम पितळेच्या असून तेल दिल्यास कधीही अटकत नाहीत.'

मुनशीजींनी ते पत्र वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "बांगड्यांना तेल! बिलकुल नवीन आहे."

*

बंब आला. सही करण्याआधी साऱ्या गावासमोर चाचणी घ्यायची, अशी अट होती. बाजाराच्या मैदानात गर्दी जमली. काशाबाई आणि तिच्या सोबतिणींनी दोन्ही दांडे धरले, टाकी भरली, आणि पाणी सरसरून वर गेलं ते समोरच्या जिनिंगच्या छपरावरून पलीकडं पडलं. माणसं ओरडली, टोप्या उडाल्या. ज्या कंपनीचा बंब आला होता, तिच्या एजंटानं सहीसाठी कागद पुढं केला.

तेवढ्यात गर्दीतून येसाजी पुढं आला. जिनिंगमधला हमाल. वखारीच्या आगीत त्याची बायको गेली होती.

"मला जरा धरू द्या," तो म्हणाला.

बाया बाजूला झाल्या. येसाजीनं एका अंगाचा दांडा धरला आणि दाबायला लागला. नळीतून पाणी उडत होतं, छपरावर पडत होतं, पन्हाळीतून खाली वाहत होतं. तो वर बघत होता आणि दाबत होता. टाकी आटली तरी तो थांबेना. कोरडा बंब खडखडायला लागला.

एजंट धावला. "अरे, वायसर जळतील! थांबवा त्याला!"

साहेब म्हणाले, "पानी लाओ."

काशाबाई हौदाकडं वळली. मागून बाकीच्या बाया. हंडे आले, टाकीत ओतले गेले. नळीत पुन्हा पाणी आलं. एकट्यानं तो दांडा दाबणं अवघडच. येसाजीचा सदरा अंगाला चिकटला होता. नरहरराव माझा हात घट्ट धरून उभे होते.

अजीज साहेबांनी शेरवानीच्या बाह्या वर सारल्या. चालत दुसऱ्या अंगाला गेले आणि तिकडचा दांडा धरला. येसाजीनं दाबला की हे वर सोडायचे, हे दाबायचे तेव्हा तो सोडायचा.

एजंट कागद घेऊन जवळ गेला. "साहब, टेस्ट तो हो गया ना?"

साहेबांनी त्याच्याकडं बघितलंही नाही.

"अभी नहीं हुआ," ते म्हणाले, आणि दांडा खाली दाबला.