नागसेन चाळ इलेव्हन

माणिक साकीनाक्याच्या एका गाळ्यात मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतो. वय त्रेचाळीस. पण दहिसरच्या भाड्याच्या खोलीत परतला की जुना डबा टीव्ही लावून वीस वर्षांपूर्वीचा फुटबॉलचा व्हिडिओ गेम खेळत बसतो. बायको दर्शना म्हणते, "पोरं मोबाइलवर याहून झकास खेळतात." खेळत असतील. त्यांच्या गेममध्ये नागसेन चाळ नाही.

चाळ पाडून तिथे टॉवर झाला. माणिकच्या वडिलांचे कागद अपुरे निघाले आणि घर हुकलं ते हुकलंच. पण त्या गेममध्ये खेळाडूंची नावं बदलता यायची. माणिकने कधीकाळी एका परदेशी संघाच्या जागी चाळीतली अकरा पोरं बसवली होती. निहारला वेग दिला नव्व्याण्णव, कारण निहार पळायचाच तसा. स्वतःला जेमतेम सत्तर, उगाच कुणी बोट दाखवायला नको. गोलकीपर आकाश. तो काविळीने गेला त्याला नऊ वर्षं झाली. पडद्यावर अजून झेप घेऊन चेंडू अडवतो. हे सगळं एका मेमरी कार्डात. दुसरी प्रत नाही.

गेल्या महिन्यात निहारचा फोन आला. तो आता त्याच टॉवरचा सेक्रेटरी. "रविवारी क्लबहाउसमध्ये जुन्या गेमची स्पर्धा ठेवलीय रे. मशीन घेऊन ये. तुझ्याशिवाय कोण?" माणिक हरखला. इस्त्रीचा शर्ट घालून, मशीन पिशवीत टाकून, टीव्ही रिक्षात मांडीवर धरून गेला.

खेळणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. निहारने हातात कागद दिला. "टीममध्ये मेंबरांची नावं टाक ना. मजा येईल."

"आपली पोरं आहेत रे त्यात."

"वीस वर्षं झाली यार. तुलाच जमतं ते, कर पटकन."

साधं 'नाही' माणिकच्या तोंडून निघालं नाही. त्याबद्दल त्याला आजही निहारपेक्षा स्वतःचाच राग जास्त येतो. तो एकेक नाव पुसत गेला. निहारचं पुसावं लागलं नाही, तो मेंबर होता. आकाशपाशी हात अडला, तर मागून कुणीतरी म्हणालं, "काका, जल्दी करा." तेही पुसलं. स्वतःचं तेवढं ठेवलं. एवढ्या नावांत कुणाला दिसतंय?

दिसलं. "हा माणिक कोण? कुठल्या फ्लॅटचा?" एका मेंबरने विचारलं.

निहारने पडद्याकडे पाहिलं, माणिककडे नाही. "जुनं राहिलंय काहीतरी. काढ ते पण."

माणिकने काढलं. मग मान वर न करता निहारला विचारलं, "साहेब, इथे कोणाचं टाकू?"