बंद सर्व्हरवरून आलेला मेल

मंडळी, आज खंडेनवमी. शिरोलीतल्या आमच्या फाउंड्रीत यंत्रं बंद ठेवून पूजतात.

फोरमन आप्पांनी ऑफिसातला सर्व्हरही बंद केला आणि त्याला हळदकुंकू वाहिलं. कंपनीचे सगळे मेल त्यावरूनच येतात आणि तो सांभाळते मी! गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग यायचं होतं. आता ते अडकणार!

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. ड्रॉइंग आलं होतं!

आमचा मेल सर्व्हर म्हणजे व्हर्च्युअल मशीन, नुसतं सॉफ्टवेअर. एक कॉम्प्युटर बंद होताच ते शेजारच्या कॉम्प्युटरवर आपोआप सुरू झालं. मांडणी माझीच, पण खरी वेळ पहिल्यांदाच आली; अंगावर काटा आला.

आप्पांना सांगितलं. "म्हंजे कुडी बदलली की वो, ताई!"

पूजेचं ताट घेऊन ते दुसऱ्या कॉम्प्युटरकडं वळले. मी ओरडणार, तोच म्हणाले, "ह्याचं बटण न्हाय दाबत. आत जीव हाय."

जीव नाही असं कसं म्हणू, सांगा?