खिडकीतला माणूस

कॅप्टननं माझी मान धरली आणि माझं तोंड स्वतःच्या स्क्रीनला जवळजवळ चिकटवलं.

"हे दिसलं नाही तुला? आंधळा आहेस का रे?"

बंदुकांच्या कॉम्प्युटर गेममधला नुकताच हरलेला सामना त्याच्या स्क्रीनवर पुन्हा चालू होता. पडकी इमारत. वरच्या मजल्याची खिडकी. खिडकीत बंदूक रोखून बसलेला माणूस, त्याच्या टोपीची कडसुद्धा दिसत होती. त्याच खिडकीखालून मी पहिला आत गेलो होतो आणि मेलो होतो. माझ्या मागोमाग सगळी टीम.

धुळ्यातल्या त्या गेमिंग झोनमध्ये आमची पाच जणांची टीम होती. झोन आमच्या कॅप्टनच्या वडिलांचा. ते चौघे पुढच्या एसी खोलीत बसायचे. मी मागे, संडासाच्या दाराशी. माझी स्क्रीन जुनी, कमी रिझोल्युशनची. स्क्रीनवरचं चित्र ठिपक्यांचं असतं. त्यांच्याकडे ठिपके भरपूर, म्हणून लांबचा माणूसही माणूसच दिसायचा. माझ्याकडे ठिपके कमी. लांबचा माणूस दोन-तीन ठिपक्यांत संपायचा, भिंतीवरच्या डागासारखा. गवत म्हणजे नुसता हिरवा चिखल. अंधाऱ्या जिन्यात कोण उभं आहे, ते गोळी लागल्यावरच कळायचं.

हेडफोनही माझा वेगळा. त्याला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली. बाकीचे चौघे एकमेकांचे खुशाल घालायचे. "तुला घाम फार येतो भो," कॅप्टन म्हणायचा. घाम चौघांनाही येत होता. वेगळा हेडफोन कशासाठी ते मला कळत होतं, तरी तोच घालायचो. टीममधली जागा मला हवी होती. माझं आडनाव नाही, माझा नेम बघून मला आत घेणारी ती एकच जागा आहे, असं वाटायचं.

प्रत्येक सामन्यात एकच हुकूम. "तू आधी जा." दार असो, जिना असो. मला वाटायचं, भरवसा आहे म्हणून.

आज जळगावला स्पर्धा होती. हॉलमध्ये सगळ्यांना सारख्याच स्क्रीन, नव्याकोऱ्या. खेळ सुरू झाला आणि माझा हात थांबला. विटांमधल्या फटी दिसत होत्या. दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसत होते. आणि समोरच्या खिडकीत माणूस. स्पष्ट. वाट बघत बसलेला.

"तू आधी जा," कॅप्टन शेजारून म्हणाला.

मी त्याच्या स्क्रीनकडे पाहिलं. त्याची बंदूक आधीच त्या खिडकीवर रोखलेली होती. मला मारायला तो माणूस बाहेर वाकला, की हा त्याला टिपणार होता.

म्हणजे धुळ्यातही यांना दिसत होतं. रोज. प्रत्येक खिडकी, प्रत्येक जिना. बघून पाठवत होते मला. आणि नेम यांचा चुकला की आंधळा मी.

"मला दिसतंय," मी म्हणालो. "आज तू जा."

"डोकं फिरलं का तुझं? जा म्हणतो ना!"

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि उठलो. मागून त्यानं जातीवरून शिवी हासडली. सगळ्या हॉलनं ऐकली. एकानंही मान वळवली नाही.

संध्याकाळी घरी आलो तर आबा, माझे वडील, भाकरी खात होते. आबा ठेकेदाराकडे कामाला आहेत, गटारीच्या चेंबरमध्ये उतरतात. त्यांच्या कामाबद्दल मी कधी चकार शब्द काढला नव्हता. लाज वाटायची मला. आज विचारलं.

"आबा, चेंबरमा पहिले कोन उतरस?"

"मीच उतरस. दुसरं कोन उतरी?"

"खाले गॅस शे का नही, ते ठेकेदारले माहीत ऱ्हास का?"

आबांचा घास हातातच राहिला. "त्याले बठ्ठं माहीत ऱ्हास, पोऱ्या." सगळंच माहीत.

उद्या सकाळी मी त्यांच्याबरोबर जाणार आहे. चेंबरच्या काठावर उभा राहणार आहे. ठेकेदार "उतर" म्हणाला की आबांचा हात घट्ट धरीन आणि अख्ख्या गल्लीसमोर त्याला सांगेन, आधी तू उतर. तो नाही उतरला, तर आमच्यातलं कोणीही उतरणार नाही.